थॉमस विलिस

थॉमस विलिस (जन्म : २७ जानेवारी, इ.स. १६२१, मृत्यू : ११ नोव्हेंबर, इ.स. १६७५) हे सतराव्या शतकातील इंग्लंडमधील एक अग्रगण्य वैद्य, शरीररचनाशास्त्रज्ञ व ऑक्सफर्ड विद्यापीठातील प्राध्यापक होते. मेंदूच्या तळाशी असलेल्या धमन्यांच्या वर्तुळाला त्यांचेच नाव आहे आणि वैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ते पाठ असते. ग्रीक शब्दांवरून 'न्यूरोलॉजी' ही संज्ञा त्यांनीच घडविली असे मानले जाते. त्यांच्या कार्याचा एक भाग मात्र दीर्घकाळ दुर्लक्षित राहिला, तो म्हणजे डोकेदुखीचा पद्धतशीर अभ्यास. डोकेदुखीचे प्रकार कसे पाडावेत, तिचे निदान रुग्णाकडून कोणती माहिती घेऊन करावे आणि ती डोक्यातील नेमक्या कोणत्या भागात उत्पन्न होते, या तिन्ही प्रश्नांची एकत्र व सुसंगत मांडणी करणाऱ्या पहिल्या काही युरोपीय लेखकांत त्यांची गणना होते.

== जन्म, बालपण व शिक्षण ==

विलिस यांचा जन्म इंग्लंडच्या विल्टशायर परगण्यातील ग्रेट बेडविन या गावी झाला. पुढे कुटुंब ऑक्सफर्डजवळच्या नॉर्थ हिंक्सी येथे राहू लागले. लहानगा थॉमस तेथून रोज पायी ऑक्सफर्डला एडवर्ड सिल्व्हेस्टर यांच्या शाळेत जात असे. वाटेत भेटणाऱ्या गरिबांना तो आपली शिदोरी देऊन टाकी, अशी आख्यायिका त्यांच्या चरित्रकारांनी नोंदविली आहे. थोर माणसांच्या बालपणाविषयी अशा कथा रचल्या जातातच. परंतु विलिस यांच्या उत्तरायुष्यातील दानधर्म पाहता ही कथा अगदीच निराधार वाटत नाही.

इ.स. १६३७ मध्ये त्यांनी ऑक्सफर्ड विद्यापीठात प्रवेश घेतला. घरची परिस्थिती बेताची असल्याने क्राइस्ट चर्च महाविद्यालयातील एका धर्माधिकाऱ्याच्या घरी सेवक-विद्यार्थी म्हणून राहून त्यांनी शिक्षण पूर्ण केले. या धर्माधिकाऱ्याच्या पत्नीला औषधे बनविण्याचा नाद होता आणि तिच्या हाताखाली काम करताना विलिस यांना वैद्यकाची पहिली ओळख झाली. इ.स. १६३९ मध्ये ते बी.ए. व १६४२ मध्ये एम.ए. झाले. त्यांचा मूळ ओढा धर्मोपदेशक होण्याकडे होता, पण त्याच वर्षी इंग्लंडमध्ये राजा व पार्लमेंट यांच्यात यादवी युद्ध पेटले आणि सगळेच बेत फिसकटले.

== यादवी युद्ध आणि बाजारातील वैद्यकी ==

पहिला चार्ल्स राजाने ऑक्सफर्डला आपली राजधानीच केली. शहरात सैन्याची दाटी झाली आणि इ.स. १६४३ मध्ये छावण्यांतून पसरलेल्या तापाच्या साथीत विलिस यांच्या वडिलांचा मृत्यू झाला. विलिस स्वतः राजाच्या बाजूने सैन्यात दाखल झाले. जून १६४६ मध्ये ऑक्सफर्ड पार्लमेंटच्या सैन्याला शरण गेले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस विलिस यांना वैद्यकाची पदवी मिळाली. एरवी या पदवीसाठी अनेक वर्षे जुने ग्रीक-लॅटिन ग्रंथ घोकावे लागत. युद्धामुळे विद्यापीठाचे वर्ग बंद पडले होते, त्यामुळे विलिस यांचे पुस्तकी शिक्षण तुटपुंजे राहिले. ही उणीवच त्यांच्या पथ्यावर पडली, असे म्हणण्यास जागा आहे. गेलेन या प्राचीन ग्रीक वैद्याचे म्हणणे प्रमाण मानण्याची सवय त्यांना लागलीच नाही.

सुरुवातीची वर्षे हलाखीची होती. आठवडी बाजाराच्या दिवशी ते ॲबिंग्डन या गावी जाऊन रुग्ण तपासत. एक घोडा दोघा वैद्यांत मिळून ठेवलेला होता. बाजारातल्या वैद्याचा मुख्य आधार म्हणजे बाटलीतून आणलेले मूत्र. त्याचा रंग पाहून रोग सांगावा लागे. विलिस यांची इ.स. १६५० ते १६५२ या काळातील रुग्णांची नोंदवही आजही उपलब्ध आहे. रुग्णाला काय होते, कधीपासून होते, कशाने वाढते, औषधाने काय झाले आणि रुग्ण दगावला असल्यास प्रेतात काय आढळले, हे लिहून ठेवण्याची त्यांची शिस्त या वहीत दिसते. डोकेदुखीसारख्या रोगात, जेथे वैद्याला डोळ्यांनी काहीच दिसत नाही आणि सगळी भिस्त रुग्णाच्या सांगण्यावर असते, तेथे या शिस्तीचा पुढे फार उपयोग झाला.

राजा हरला, त्याचा शिरच्छेद झाला आणि राजपक्षाची प्रार्थनापद्धती बेकायदा ठरली. तरीही विलिस यांच्या बिऱ्हाडी, आणि नंतर मर्टन महाविद्यालयासमोरील 'बीम हॉल' या त्यांच्या घरी, जुन्या पद्धतीची प्रार्थना गुपचूप चालत असे. तेथे येणाऱ्यांपैकी जॉन फेल यांची बहीण मेरी हिच्याशी त्यांचा इ.स. १६५७ मध्ये विवाह झाला. प्रतिकूल काळातील ही निष्ठा राजसत्ता परतल्यावर फळाला आली.

== ॲन ग्रीन प्रकरण ==

डिसेंबर १६५० मध्ये घडलेल्या एका घटनेने विलिस यांचे नाव सर्वतोमुखी झाले. ॲन ग्रीन नावाच्या एका मोलकरणीला नवजात अर्भकाच्या हत्येच्या आरोपावरून ऑक्सफर्ड येथे फाशी देण्यात आले. प्रेत शवविच्छेदनासाठी विल्यम पेटी यांच्याकडे आणण्यात आले. पेटी, विलिस व त्यांचे सहकारी शवपेटी उघडून पाहतात, तो घशातून किंचित घरघर ऐकू आली. त्यांनी सुऱ्या बाजूला ठेवल्या. तिच्या घशात गरम पेय घातले, हातपाय चोळले, थोडे रक्त काढले आणि ऊब मिळावी म्हणून तिला दुसऱ्या स्त्रीच्या शेजारी निजविले. काही तासांत ती बोलू लागली. तिला माफी मिळाली, पुढे तिचे लग्न झाले व मुलेही झाली. या प्रकरणावर त्या काळी पत्रके व कविता छापल्या गेल्या.

== प्राध्यापकी व मेंदूची शरीररचना ==

इ.स. १६६० मध्ये दुसरा चार्ल्स गादीवर आला आणि गिल्बर्ट शेल्डन यांच्या पाठिंब्याने विलिस यांची ऑक्सफर्डमध्ये निसर्गतत्त्वज्ञानाचे 'सेडलियन प्राध्यापक' म्हणून नेमणूक झाली. नियमाप्रमाणे त्यांनी ॲरिस्टॉटल शिकवावयाचा होता. विलिस मात्र मेंदू, मज्जातंतू, झोप, वेदना, अपस्मार व डोकेदुखी यांवर बोलत. पुढे तत्त्वज्ञ म्हणून विख्यात झालेले जॉन लॉक हे त्यांच्या श्रोत्यांत होते व त्यांनी उतरवून घेतलेली टिपणे सुदैवाने शिल्लक आहेत. रॉबर्ट हूक यांनीही उमेदवारीच्या काळात विलिस यांचे रसायनकामातील मदतनीस म्हणून काम केले होते. रॉयल सोसायटीच्या सुरुवातीच्या सदस्यांत विलिस यांचा समावेश होता.

इ.स. १६६४ मध्ये त्यांचा 'सेरेब्रि अनाटोमे' (मेंदूची शरीररचना) हा लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध झाला. विच्छेदनाचे बरेचसे काम रिचर्ड लोअर यांनी केले आणि अनेक आकृत्या ख्रिस्तोफर रेन यांनी काढल्या. हेच रेन पुढे लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलचे वास्तुविशारद म्हणून अमर झाले. विलिस यांनी आपल्या प्रस्तावनेत या दोघांचे ऋण मोकळेपणाने मान्य केले आहे.

त्यापूर्वीचे शरीरशास्त्रज्ञ मेंदू कवटीतच ठेवून वरून चकत्या काढीत. मऊ पडलेला मेंदू त्यामुळे लवकर विस्कटे आणि तळाचा भाग नीट दिसतच नसे. विलिस व लोअर यांनी मेंदू कवटीतून अखंड बाहेर काढून उलटा ठेवला. मद्यार्कात तो टिकविण्याची युक्ती नुकतीच उपलब्ध झाली होती. धमनीत रंगीत द्रव सोडून तो कोठपर्यंत पोहोचतो, हेही त्यांनी पाहिले. एका बाजूच्या धमनीत सोडलेला द्रव दुसऱ्या बाजूसही उतरतो, असे आढळले. तळाशी धमन्यांचे वर्तुळ असल्याचे फालोपिओ, कास्सेरिओ, वेपफर आदींनी आधी पाहिले होते. म्हणून ते 'शोधण्याचे' श्रेय विलिस यांचे नव्हे. एक वाट बंद पडली तर दुसऱ्या वाटेने मेंदूला रक्त मिळावे यासाठी ही योजना आहे, हा त्या वर्तुळाचा अर्थ मात्र त्यांनी सांगितला.

हा अर्थ पटविण्यासाठी त्यांनी दिलेले उदाहरण डोकेदुखीच्या इतिहासातही महत्त्वाचे आहे. पोटातील गाठीमुळे मरण पावलेल्या एका पुरुषाच्या विच्छेदनात त्याची उजवी ग्रीवा-धमनी दगडासारखी कठीण होऊन पूर्ण बुजलेली आढळली. तरीही त्याला कधी पक्षाघाताचा झटका आला नव्हता, कारण त्याच बाजूची मणक्यांतून जाणारी धमनी कितीतरी पट रुंदावली होती. या माणसाला हयातीत डोक्याच्या डाव्या, म्हणजे विरुद्ध बाजूस तीव्र वेदना झाल्या होत्या व पुढे त्या आपोआप थांबल्या होत्या. विलिस यांनी त्याची संगती अशी लावली : उजवी वाट बंद होताच रक्ताचा लोंढा डाव्या धमनीत शिरला, त्या बाजूचे आवरण ताणले गेले व दुखू लागले, पुढे मणक्याकडील धमनी रुंद झाली, लोंढा ओसरला आणि वेदनाही गेली. डोकेदुखी म्हणजे डोक्यात साठलेला दूषित रस किंवा पोटातून चढलेली वाफ, असे मानणाऱ्या काळात हा तर्क अगदी वेगळा होता.

== डोकेदुखीविषयक कार्य ==

=== पूर्वपीठिका ===

डोकेदुखीचे प्रकार पाडण्याचे प्रयत्न फार जुने आहेत. कॅपाडोशियाच्या अरेटेअस या ग्रीक वैद्याने अधूनमधून येणारी साधी डोकेदुखी, दीर्घकाळ ठाण मांडणारी हट्टी डोकेदुखी आणि अर्ध्या डोक्याची डोकेदुखी असे तीन भाग केले होते. गेलेनने अर्ध्या डोक्याच्या दुखण्याला 'हेमिक्रेनिया' म्हटले. त्याच शब्दाची झीज होऊन आजचा 'मायग्रेन' तयार झाला. मराठीतील 'अर्धशिशी' हा शब्दही नेमके हेच सांगतो. सुश्रुतसंहितेत शिरोरोगांचे अकरा प्रकार दिले असून त्यांत अर्ध्या डोक्याचा 'अर्धावभेदक' व सूर्याबरोबर चढणारा 'सूर्यावर्त' यांना स्वतंत्र स्थान आहे. विलिस यांना अर्थातच भारतीय परंपरेची माहिती नव्हती. त्यांच्यासमोर होती ती गेलेनची शिकवण, आणि तिच्यात प्रकार हे मुख्यतः शरीरातील चार रसांच्या बिघाडावर बेतलेले होते.

=== विलिस यांची विभागणी ===

इ.स. १६७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'दे आनिमा ब्रुटोरुम' (पशूंच्या आत्म्याविषयी) या ग्रंथाच्या उत्तरार्धात विलिस यांनी मेंदूच्या रोगांचे विवेचन केले आहे व त्याचा आरंभच डोकेदुखीपासून केला आहे. ही निवड सहेतुक असावी. ज्याला कधीही डोकेदुखी झाली नाही असा माणूस विरळाच, हे ते जाणून होते.

त्यांचा पहिला प्रश्न होता तो स्थानाचा. दुखते ते कवटीच्या बाहेर की आत? बाहेरील डोकेदुखी त्वचा, स्नायू व कवटीवरील पातळ आवरण यांची. ती तुलनेने सौम्य. आतील डोकेदुखी मेंदूभोवतीच्या आवरणांची. ती अधिक तीव्र व चिवट. मेंदूच्या स्वतःच्या गाभ्याला वेदना होत नाही, कारण त्यात वेदना जाणणारे तंतू नाहीत. तंतू आहेत ते आवरणांत, म्हणून दुखणारी जागा आवरणांतच शोधली पाहिजे, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. आजच्या मज्जाशल्यचिकित्सेत रुग्ण जागा असताना मेंदूवर शस्त्रक्रिया करता येते, ती याच गोष्टीमुळे.

दुसरा प्रश्न व्याप्तीचा : सगळे डोके दुखते की एखादा भाग, पुढचा, मागचा, माथ्याचा की एका बाजूचा? तिसरा काळाचा : दुखणे नवे की जुने, अखंड की थांबून थांबून येणारे, थांबून येत असेल तर ठरावीक वेळी येणारे की भटके? चौथा कारणाचा, आणि येथे त्यांनी दोन पातळ्या मानल्या. मूळ प्रवृत्ती ही एक, आणि झटका उठविणारे निमित्त ही दुसरी. आनुवंशिकता ते मूळ प्रवृत्तीत धरतात. निमित्तांमध्ये ऋतुबदल, हवामान, सूर्य-चंद्रांची स्थिती, तीव्र मनोविकार व खाण्यापिण्यातील चुका यांची गणना करतात. सूर्य-चंद्रांचा उल्लेख सोडला, तर आजही डॉक्टर अर्धशिशीच्या रुग्णाला जवळजवळ हीच यादी विचारतात.

या विभागणीचा व्यवहारातील उपयोग असा की, तीत वैद्याने रुग्णाला विचारावयाच्या प्रश्नांचा क्रमच ठरून जातो. रसांची कल्पना प्रत्यक्ष पाहता येत नाही. परंतु कोठे, किती वेळ, किती दिवसांनी आणि कशानंतर, हे कोणताही रुग्ण सांगू शकतो. विलिस स्वतः रसायनवादी होते; रक्तातील आंबण्याची क्रिया, 'प्राणवाही द्रवांचे' स्फोट असल्या कल्पना त्यांच्या ग्रंथात पानोपानी आहेत आणि त्या आज टिकलेल्या नाहीत. प्रश्न टिकले.

=== पूर्वलक्षणांची नोंद ===

आनुवंशिक डोकेदुखी असलेल्या एका तरुण, सडपातळ स्त्रीची हकिकत विलिस यांनी दिली आहे. तिला झटके वरचेवर येत. काही किरकोळ निमित्ताने, काही विनाकारण. विनाकारण येणाऱ्या झटक्याच्या आदल्या संध्याकाळी तिला विलक्षण भूक लागे व ती अधाशासारखी जेवत असे. असे झाले की दुसऱ्या दिवशी सकाळी डोके दुखणार, हे तिला ठाऊक असे. दुखण्यापूर्वी काही तास दिसणारी भूक, जांभया, चिडचिड, मानेचा ताठपणा ही लक्षणे अर्धशिशीची पूर्वलक्षणे म्हणून आज मान्य आहेत. त्याचप्रमाणे हेही लक्षात येते की, भरपेट जेवल्यामुळे डोके दुखले असा निष्कर्ष काढणे सोपे होते. विलिस यांनी भुकेला कारण न मानता येणाऱ्या झटक्याची खूण मानले, हे त्यांच्या निरीक्षणाचे बळ होय.

=== लेडी ॲन कॉनवे ===

विलिस यांच्या ग्रंथातील सर्वांत करुण प्रकरण एका उच्चकुलीन स्त्रीचे आहे. त्यांनी तिचे नाव दिलेले नाही, परंतु ती तत्त्वज्ञ लेडी ॲन कॉनवे (इ.स. १६३१–१६७९) होय, याविषयी अभ्यासकांत एकमत आहे. वयाच्या बाराव्या वर्षी तापाच्या आजारातून उठल्यावर तिला डोकेदुखी जडली व ती मरेपर्यंत सुटली नाही. वेदना कधी एका बाजूस, कधी दुसऱ्या बाजूस, कधी सगळ्या डोक्यात असे. झटका आला की एक दिवस-रात्र, दोन, तीन, कधी चार दिवस ती अंधाऱ्या खोलीत पडून राही. प्रकाश, आवाज, बोलणे, हालचाल काहीच सहन होत नसे. झटका ओसरू लागला की वांती होई.

त्या काळातील वैद्यकाने जे जे शक्य होते ते सारे या स्त्रीवर करून पाहिले. पाऱ्याची औषधे दिली गेली व त्यांनी तिच्या जिवावर बेतले. रक्ताभिसरणाचे शोधक विल्यम हार्वी हेही तिच्या वैद्यांत होते. कवटीला छिद्र पाडण्याची शस्त्रक्रिया करवून घेण्यासाठी ती इ.स. १६५६ मध्ये फ्रान्सला गेली. तेथील शल्यचिकित्सकांनी कवटीला हात लावण्याचे नाकारले व धमनी उघडून रक्त काढले. उपयोग झाला नाही. इ.स. १६६६ मध्ये हस्तस्पर्शाने रोग बरे करणारा म्हणून गाजलेला आयर्लंडचा व्हॅलेंटाइन ग्रेटरेक्स याला तिच्या रॅगली येथील वाड्यात मुद्दाम बोलावून आणले. इतरांना त्याच्यामुळे बरे वाटल्याचे सांगतात, तिला मात्र वाटले नाही.

विलिस यांचे उपचारही फसले. ही गोष्ट त्यांनी झाकून ठेवली नाही. आपल्या यशस्वी रुग्णांच्या कथा छापून कीर्ती मिळविण्याचा तो काळ. अशा काळात एका वजनदार घराण्यातील रुग्णाला आपण बरे करू शकलो नाही, असे ग्रंथात लिहिणे साधे नव्हते. औषधांची यादी, त्यांचा क्रम आणि प्रत्येकाचा निष्फळ परिणाम त्यांनी मांडला. हार्वी यांनी सुचविलेल्या कवटी उघडण्याच्या उपायाचीही त्यांनी चर्चा केली आणि त्यातून लाभ होईल याविषयी शंका व्यक्त केली. इतकी वर्षे एवढा त्रास सोसूनही रुग्णाची बुद्धी शाबूत आहे, याचीही त्यांनी आवर्जून नोंद घेतली. त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष निदानाच्या दृष्टीने मोलाचा होता : व्याधी मेंदूच्या गाभ्यात नसून आवरणांत आहे.

बुद्धी शाबूत होती याचा पुरावा लेडी कॉनवे यांनी स्वतःच मागे ठेवला. दुखण्यातून उसंत मिळेल तेव्हा एका वहीत लिहिलेले त्यांचे तत्त्वचिंतन मृत्यूनंतर इ.स. १६९० मध्ये लॅटिनमध्ये प्रसिद्ध झाले. लाइबनित्स या जर्मन तत्त्वज्ञाने त्याची प्रशंसा केली. वेदना सोसणाऱ्या देहाचा व आत्म्याचा संबंध हा त्या ग्रंथाचा एक मध्यवर्ती विषय आहे. तिचे दुखणे आजच्या निकषांवर नेमके कोणते, यावर वैद्यकीय इतिहासकारांनी पुष्कळ लिहिले असून बहुतेकांचा कल तीव्र अर्धशिशीकडे आहे.

=== कारणमीमांसा व उपचार ===

रक्तवाहिन्या फुगतात, आवरणांतील तंतू ताणले जातात व त्यामुळे ठणका लागतो, ही विलिस यांची उपपत्ती होय. डोकेदुखीच्या 'रक्तवाहिनी-सिद्धान्ताचा' उगम पुष्कळदा येथे दाखविला जातो. उपचारात मात्र ते आपल्या काळाचेच होते : रक्तमोक्षण, रेचके, वांतिकारके, डाग देऊन फोड आणणे, खनिज झऱ्यांचे पाणी. कॉफी हे त्यांतले एक सुखद अपवाद. इंग्लंडमध्ये नुकत्याच आलेल्या या पेयाची त्यांनी भरभरून शिफारस केली. मंदपणा व जड डोके घेऊन आलेल्या रुग्णाला औषधविक्रेत्यापेक्षा कॉफीगृहात पाठविणे त्यांना अधिक पसंत होते. कॉफीतील कॅफीन आजही डोकेदुखीच्या कित्येक गोळ्यांत असते. अतिसेवनाने अथवा एकाएकी सोडल्याने तेच डोकेदुखी उत्पन्न करते, हेही आता माहीत झाले आहे.

== इतर कार्य ==

मज्जातंतूंच्या जोड्यांना विलिस यांनी दिलेला क्रम शंभराहून अधिक वर्षे चालला. इच्छा, कल्पना व स्मृती यांचे स्थान मेंदूतील पोकळ्यांत नसून त्याच्या घन भागात आहे, असे त्यांनी प्रतिपादले. निकोलस स्टेनो यांनी पॅरिस येथील व्याख्यानात त्यांच्या काही आकृत्यांचे कौतुक केले, पण कार्याविषयीचे त्यांचे तर्क पुराव्यापलीकडे जातात अशी टीकाही केली. ती बव्हंशी रास्त होती. 'फार्मास्युटिसे रॅशनॅलिस' या अखेरच्या ग्रंथात मधुमेही रुग्णाचे मूत्र गोड लागते, हे त्यांनी नोंदविले. युरोपात ही नोंद नवी होती. भारतात 'मधुमेह' या नावातच ती होती.

== लंडनमधील वास्तव्य व मृत्यू ==

शेल्डन तोवर कँटरबरीचे आर्चबिशप झाले होते. त्यांच्या आग्रहावरून इ.स. १६६७ मध्ये विलिस लंडनला आले. आदल्याच वर्षीच्या महाआगीत शहराचा मोठा भाग भस्मसात झाला होता. सेंट मार्टिन्स लेन येथे त्यांनी घर केले आणि अल्पावधीतच त्यांचा व्यवसाय लंडनमधील सर्वाधिक चालणाऱ्यांपैकी एक झाला. बाजारात मूत्राच्या बाटल्या पाहणारा वैद्य आता सरदार-दरकदारांना तपासत होता. रविवारच्या मिळकतीचा पैसा ते गरिबांसाठी वेगळा ठेवीत. कामकरी लोकांना सोयीचे पडावे म्हणून पहाटे व संध्याकाळी प्रार्थना चालविणाऱ्या धर्मोपदेशकाचे वेतनही ते देत.

इ.स. १६७० मध्ये पत्नी मेरी क्षयाने वारली; काही मुले आधीच दगावली होती. इ.स. १६७२ मध्ये, म्हणजे डोकेदुखीवरील प्रकरणे प्रसिद्ध झाली त्याच वर्षी, त्यांनी दुसरा विवाह केला. खोकल्यातून उद्भवलेल्या फुप्फुसाच्या दाहाने ११ नोव्हेंबर १६७५ रोजी वयाच्या ५४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये पहिल्या पत्नीशेजारी त्यांचे दफन करण्यात आले. पुराणवस्तूंचे अभ्यासक ब्राउन विलिस हे त्यांचे नातू होत.

== नंतरचे वर्गीकरण ==

विलिस यांचे ग्रंथ सॅम्युएल पोर्डेज यांनी इंग्रजीत आणले आणि ते अठराव्या शतकातही वाचले जात. एडवर्ड लिव्हिंग यांनी इ.स. १८७३ मध्ये अर्धशिशीवरील मोठ्या ग्रंथात रक्तवाहिन्यांऐवजी मज्जासंस्थेतच उठणाऱ्या 'वादळाची' कल्पना मांडली. इ.स. १९३८ मध्ये अमेरिकेत ग्रॅहम व हॅरॉल्ड वुल्फ यांनी अर्गोटामिन या औषधाने कानशिलाच्या धमनीचे स्पंदन व वेदना बरोबरीने कमी होतात असे दाखविले आणि विलिस यांचा सिद्धान्त पुन्हा प्रतिष्ठित झाला. वुल्फ व त्यांचे सहकारी रे यांनी इ.स. १९४० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांत मेंदूचा गाभा वेदनारहित असून आवरणे व धमन्या वेदनाक्षम आहेत, हेच आढळले. अलीकडील संशोधन मात्र रक्तवाहिनीचे फुगणे हे मूळ कारण मानीत नाही. चेहरा व आवरणे यांच्याकडून येणारी त्रिशाखी मज्जा आणि तिच्या टोकांतून स्रवणारी द्रव्ये यांना आता मध्यवर्ती स्थान आहे.

आज जगभर वापरले जाणारे वर्गीकरण आंतरराष्ट्रीय डोकेदुखी संस्थेचे आहे. डॅनिश मज्जाविकारतज्ज्ञ येस ओलेसन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने त्याची पहिली आवृत्ती इ.स. १९८८ मध्ये काढली; दुसरी २००४ व तिसरी २०१८ मध्ये आली. त्यात डोकेदुखी हाच रोग असलेले प्राथमिक प्रकार आणि दुसऱ्या एखाद्या विकारामुळे उद्भवणारे दुय्यम प्रकार असा मुख्य भेद केलेला आहे. साध्या अर्धशिशीच्या निदानासाठी किमान ५ झटके आलेले असावे लागतात. औषध न घेतल्यास झटका ४ ते ७२ तास टिकावा. एका बाजूस असणे, ठणका असणे, मध्यम किंवा तीव्र असणे आणि चालणे-जिने चढणे यांसारख्या हालचालीने वाढणे, या चारांपैकी किमान दोन गोष्टी असाव्यात. शिवाय मळमळ-वांती अथवा प्रकाश व आवाज दोन्ही असह्य होणे, यांपैकी किमान एक असावे. ताणजन्य डोकेदुखी अर्ध्या तासापासून ७ दिवसांपर्यंत असू शकते, तर एका डोळ्याभोवती उठणारी पुंजक्यांची डोकेदुखी १५ ते १८० मिनिटांत ओसरते. रक्ताची चाचणी वा छायाचित्र यांनी प्राथमिक प्रकार ओळखता येत नाहीत. त्या तपासण्या दुय्यम कारण नाही ना, हे पाहण्यासाठी असतात. निदान आजही रुग्णाने सांगितलेल्या हकिकतीवरच होते, आणि अनेक डॉक्टर त्यासाठी रुग्णाला दुखण्याच्या तारखा, वेळ व निमित्ते टिपण्याची रोजनिशी ठेवावयास सांगतात.